कोरा माणूस

"खिसे रिकामे करा," बायको म्हणाली.

"माझ्या खिशात काय असणार? खडूचा तुकडा आणि दोन बटणं."

"आणि गळ्यात?"

गळ्यात टेप होता. तीस वर्षं कपडे शिवणाऱ्या माणसाला आपल्या गळ्यातला टेप जाणवतही नाही. तिने तो काढला, बोटांभोवती गुंडाळला आणि स्वतःच्या खिशात टाकला. फोन आधीच जप्त झाला होता, मनगटावरचं घड्याळही गेलं. माझ्याजवळ पाण्याची बाटली, एक शिट्टी, नाकावरचा चष्मा आणि अंगावरचे कपडे एवढाच ऐवज उरला. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा उद्यानाच्या लाकडी फाटकाच्या आत उभा होतो.

उद्यान म्हटलं की घसरगुंडी आणि फुलांचे वाफे डोळ्यांसमोर येतात. हे तसलं नव्हे. राज्य सरकारने राखलेला हा अख्खा डोंगर आहे. त्यात दोन दऱ्या, एक ओढा, एक तळं आणि माणसांना हिंडायला सहा पायवाटा. माझी बायको सव्वीस वर्षं या पायवाटांवर खुणा रंगवते. झाडाच्या खोडावर नाहीतर खडकावर, पोस्टकार्डाएवढा पिवळा चौकोन. वळण आलं की एकावर एक दोन चौकोन, आणि वरचा ज्या बाजूला सरकलेला त्या बाजूला वळायचं. तिला इथे सगळे खूणबाई म्हणतात.

आजपर्यंत ती दुसऱ्यांनी आखलेल्या वाटा रंगवत आली होती. ही सातवी वाट मात्र तिची स्वतःची. कुठून चढायचं, ओढा कुठे ओलांडायचा, माथ्यावरून कुठल्या अंगाने उतरायचं, सगळं तिने चार वर्षं पायांनी शोधून ठरवलं. आखणी, रंग, खुणा, सगळं तिचं. आणि ती वाट आज अकरा वाजता उघडायची होती. उघडायची की नाही, ते माझ्यावर होतं.

कारण उद्यानाचा एक नियम आहे. नवी वाट लोकांना खुली करण्याआधी ती एका कोऱ्या माणसाने एकट्याने चालून दाखवायची. कोरा म्हणजे ज्याने या डोंगरात कधी पाऊल टाकलेलं नाही असा. त्याला नकाशा द्यायचा नाही, दिशा सांगायची नाही. त्याने फक्त खुणा बघत निघायचं आणि फिरून याच फाटकाशी यायचं. तो दोनदा चुकला तर चालतं, तिसऱ्यांदा चुकला तर वाट बंद. मग खुणा पुन्हा तपासायच्या आणि सहा महिन्यांनी नवा कोरा माणूस शोधायचा.

ठरलेला कोरा माणूस, कुठल्याशा कचेरीतला कारकून, आदल्या दिवशी तापाने आडवा झाला. उद्यानाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, डोक्याला हात लावून बसल्या. तेव्हा माझी बायको म्हणाली, "आमच्या घरात आहे एक. सव्वीस वर्षांत इकडे फिरकलेला नाही."

"नवरा? तो तुमची बाजू नाही घ्यायचा?"

"माझी चूक काढायची संधी तो सोडणार नाही," बायको म्हणाली. हे तिने मला घरी येऊन सांगितलं, आणि वर हसलीही. ती माझ्याशी हसली त्याला खूप दिवस झाले होते.

ते का, हेही सांगून टाकतो. दीड वर्षापूर्वी ती म्हणाली होती, "अहो, एकदा येऊन बघा तरी मी काय करते ते." मी म्हणालो, दुकानात कामाचा ढीग पडलाय. ढीग होताच, पण खरं कारण म्हणजे मला चढाची धास्ती आणि चालायचा कंटाळा. तेव्हापासून ती रुसली. तोंडाने काही म्हणाली नाही, पण बोलताना माझ्याकडे बघेनाशी झाली. माझ्या कानाकडे बघायची. आणि दुसरं म्हणजे सुया. मला जवळचं नीट दिसत नाही. लांबचं विचाराल तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची उसवलेली शिवण सांगेन, पण सुई ओवायची म्हणजे चष्मा लावूनही घाम फुटतो. लग्नापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती मला दहा रंगांच्या दहा सुया ओवून ठेवायची. ते एक दिवस तिने बंद केलं. म्हणाली, "आपलं आपण ओवायची सवय लावून घ्या." मीही मग ताठलो. विचारलं नाही.

म्हणून आज दीड वर्षाचा रुसवा एका सकाळीत काढायचा होता.

"ऐका," तिने माझ्या कानाकडे बघत बजावलं. "एका खुणेशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे. हा माझा नियम. दिसेनाशी झाली तर पुढे जायचं नाही. मागे फिरायचं, शेवटची खूण गाठायची. आणि आल्यावर बाई विचारतील ते खरं सांगायचं. बायकोची वाट म्हणून पदरचं काही घालायचं नाही. तुम्ही खोटं सांगितलंत तर उद्या कोणाचं तरी पोर खरंच हरवेल. शपथ घ्या."

"घेतली."

"निघा मग. आणि रमतगमत जाऊ नका, अकराला लोक येतायत."

मोठ्या बाईंनी घड्याळ बघून वेळ टिपली. कुदळीवाले तिघे, ज्यांनी वाट खणली होती, शेडच्या पायरीवर बसून माझ्या बुटांकडे बघत गालात हसत होते. दुकानात घालायचे बूट होते ते. मी सगळ्यांना हात केला आणि निघालो.

पहिल्या वळणाआड फाटक दिसेनासं झालं, आणि काय सांगू, मला पळावंसं वाटलं! मी, पंचावन्न वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा माणूस! दोन्ही बाजूंना उंच झाडं, पायाखाली पाचोळा, आणि पुढे बरोबर डोळ्यांच्या रेषेत एक पिवळा चौकोन. त्याच्याशी पोचलो, समोर बघितलं, तर पुढचा. त्याच्यापुढे आणखी एक. पस्तीस पावलं, चाळीस पावलं. टेप काढून घेतला म्हणून काय झालं, माझे पाय आपोआप मोजत होते. चौकोन तरी कसे! कडा अशा की कापडावर कात्री चालवावी. एक थेंब ओघळलेला नाही. सव्वीस वर्षं ही बाई नखांत पिवळा रंग घेऊन घरी येते आणि मी तिला म्हणत आलो, "झाडांना टिळे लावून आलीस का?" त्या चौकोनांपुढे माझी मलाच लाज वाटली. पण आनंद लाजेपेक्षा मोठा होता. मी एका खोडावर थाप मारून मोठ्याने म्हणालोसुद्धा, "वा, खूणबाई!"

चढ असा काढला होता की दम लागायच्या आत सपाटी यायची. पुढे पुन्हा जरा चढ, पुन्हा सपाटी. जिथे थांबावंसं वाटे तिथे नेमका बसण्याजोगा दगड. हे ठरवून केलेलं होतं, माझ्यासारख्या कुरकुऱ्या गुडघ्यांचा विचार करून. मला दोनदा तिथेच बसून कोणाला तरी सांगावंसं वाटलं की ही माझी बायको आहे. सांगायला कोणी नव्हतं, हीच काय ती अडचण.

मग ओढा लागला. पाण्यात उंच पायांचा एक करडा पक्षी उभा होता. मी जाताच त्याने पंख उघडले. हे एवढे! माझ्या कापायच्या टेबलाला पुरून उरतील एवढे. तो ओढ्याच्या वरच्या अंगाला उडाला आणि मी तोंड उघडं टाकून त्याच्यामागे निघालो. पन्नास पावलं गेलो की शंभर, देव जाणे. पक्षी दिसेनासा झाला तेव्हा भानावर येऊन बघितलं तर पिवळं कुठेच नव्हतं. पुढे काटेरी झुडपं, मागेही तीच. एका फांदीने बाही धरली आणि टर्रकन फाडली.

खरं सांगतो, मी घाबरलो. हरवण्याची भीती नंतरची, आधी वाटलं ते हे की मी तिची वाट बुडवली. शिट्टी तोंडापर्यंत नेली. मग तिचे शब्द आठवले, मागे फिरायचं, शेवटची खूण गाठायची. वाकून, बाही सोडवत, आलो तसा मागे गेलो. आणि ओढ्याकाठच्या खडकावर तो पिवळा चौकोन दिसला तेव्हा मी त्या खडकावर दोन्ही हात ठेवून उभाच राहिलो. त्यावर एक नाही, दोन चौकोन होते. वरचा उजवीकडे सरकलेला. उजवीकडे वळा म्हणून ती ठळक सांगत होती आणि मी आकाशात बघत होतो. चूक एक, आणि ती शंभर टक्के माझी.

त्यानंतर मी शहाण्यासारखा चाललो. खडकांचा टप्पा पार केला, माथ्यावर पोचलो. तिथून आमचं गाव दिसलं. आमची गल्ली शोधली, दुकानाचा निळा पत्रा शोधला. सापडला! नखाएवढा. तीस वर्षं ज्याच्याखाली बसून मी जगाला कामाचा ढीग आहे म्हणून सांगत होतो, तो निळा पत्रा. मी एकटाच खो खो हसलो आणि उतरायला लागलो.

उतरणीच्या बाजूला खुणा भराभर यायला लागल्या. आधी मला मौज वाटली. एक गाठली की दुसरी हजर, ती गाठेपर्यंत तिसरी. मी जवळजवळ पळतच होतो. पण माझ्या पायांना मोजायची खोड. बारा पावलं. पुन्हा बारा. मग अकरा. वर पस्तीस-चाळीस आणि इथे बारा? इथे झाडी विरळ होती, सरळ उतार होता. मला तर एका जागेवरून पुढच्या पाच-पाच खुणा दिसत होत्या. इतक्या कशाला हव्यात?

मी थांबलो आणि चष्मा सारखा करून एक चौकोन नीट बघितला. त्याच्या कडा वाकड्या होत्या. एका जागी दोनदा रंग बसला होता, दुसऱ्या जागी साल उघडी राहिली होती. पुढच्या खुणेशी गेलो, तीही तशीच. धागे निघालेल्या कापडासारख्या कडा. माझ्या बायकोच्या हातचं हे काम नाही, असं आधी वाटलं. पण हा शेवटचा टप्पा तिनेच केला होता, गेल्या वर्षभरात. रोज संध्याकाळी मला सांगत होती.

एका खुणेशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे.

तिला दिसलीच पाहिजे. तिने नियम मोडला नव्हता. प्रत्येक खुणेशी ती उभी राहिली होती, आणि जिथवर दिसलं तिथे पुढची रंगवली होती. बारा पावलं. मी त्या झाडाखाली मटकन बसलो. सुया आठवल्या. सवय लावून घ्या. माझ्या कानाकडे बघणं आठवलं. दीड वर्ष ज्याला मी रुसवा समजून ताठून बसलो होतो, तो रुसवा नव्हताच. ती माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, तिथे होतंच कोण.

मग उठलो. वेळ चालला होता. बारा बारा पावलांनी ती मला हाताला धरल्यासारखी खाली घेऊन गेली.

फाटकापाशी पन्नासेक माणसं जमली होती. पोरंटोरं, म्हातारी जोडपी, पाठीवर पिशव्या घेतलेले कॉलेजवाले. मला बघताच कुदळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "मास्तर आले! बाही देऊन आले!" बायको शेडपाशी उभी होती, दोन्ही हातांत माझा टेप पिळत. मोठ्या बाई छापील कागद घेऊन पुढे आल्या.

"किती वेळा चुकलात?"

"एकदा. ओढ्याशी. खूण होती, मी पक्षी बघत होतो."

लोक हसले. बाईही हसल्या. "चढ?"

"माझ्यासारखा माणूस चढला, आणखी काय हवं?"

"खुणांबद्दल काही सांगायचंय?"

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्या कानाकडे बघत होती. एक 'नाही' म्हटलं की संपलं असतं. तिला निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पुढची तळ्याकडची वाट तिलाच मिळणार होती. घरी गेल्यावर आम्ही दोघं बोललो असतो. पण ती दोन वर्षं कड्यांच्या कडेने, हातात रंगाचा डबा घेऊन, बारा पावलांच्या नजरेने चालली असती. आणि सकाळी तिने माझ्याकडून शपथ घेतली होती, ती काय उगीच घेतली होती? की तिला स्वतःला सांगवत नव्हतं म्हणून तिने मला पाठवलं होतं? हे मला तेव्हा कळलं नाही, आजही नक्की सांगता येत नाही.

"शेवटच्या टप्प्यात खुणा फार जवळ आहेत," मी म्हणालो. "बारा पावलांवर. आणि कडा सरळ नाहीत."

बाईंची भुवई वर गेली. "का हो, खूणबाई? दमलेल्या लोकांसाठी का?"

पळवाट अशी आयती समोर ठेवली होती. कुदळीवाल्यांतला थोरला चटकन म्हणाला, "हो हो, त्यासाठीच!" त्याला ठाऊक असावं. पण माझी बायको एक पाऊल पुढे आली.

"नाही बाई. मला तेवढंच दिसतं."

थोरल्या कुदळीवाल्याने मान खाली घातली. मागची गर्दी आपली बोलत होती.

"डोळ्यांच्या मधोमध डाग धरलाय," ती म्हणाली. "बघते तिथे दिसत नाही, बाजूचं दिसतं. डॉक्टरांना दाखवलंय. आहे ते टिकवायचं, गेलेलं येत नाही म्हणतात. ही वाट पुरी करायची होती, म्हणून बोलले नाही."

मोठ्या बाईंनी कागद खाली केला. मग माझ्याकडे वळल्या. "त्या टप्प्यात माणूस चुकेल का?"

"तिथे चुकायचं म्हटलं तरी चुकता यायचं नाही, बाई."

"मग वाट उघडली," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली. सही करता करता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "आणि तळ्याची वाट?"

"आखेन मी. चढ पायाला कळतो, त्याला डोळे लागत नाहीत," बायको म्हणाली. "रंगवायला दुसरं माणूस द्या." आणि तिने रंगकामाच्या झग्याच्या खिशातून ब्रश काढला. स्वच्छ धुतलेला, केस कापडात गुंडाळलेले. बाईंच्या हातात देताना तिने तो कापडावरून एकदा चाचपला, केस वाकडे झाले नाहीत ना बघायला. झालं. सव्वीस वर्षं.

मी तिच्याजवळ गेलो.

"रागावलीस?"

"बरं केलंत," ती म्हणाली. "माझ्या तोंडून निघत नव्हतं."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

तिने माझी बाही चाचपली, फाटलेली जागा बोटांनी मोजली. "चार बोटं. रफू होईल."

फाटक उघडलं आणि पन्नास माणसं एकदम आत घुसली. पोरं तर पहिल्याच खुणेवर धावून गेली, "सापडली! पुढची मी शोधणार!" म्हणून ओरडत. बायकोचा चेहरा असा उजळला की मी माझ्या गुडघ्यांना विचारायच्या भानगडीत पडलो नाही. "चल," म्हणालो, "मीही येतो परत." आम्ही दोघं सगळ्यांच्या मागून निघालो. हात धरू का, म्हणून मी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. तिला प्रत्येक दगड पाठ होता. खुणांकडे ती बघतही नव्हती. पहिल्या सपाटीला मी धापा टाकत होतो आणि ती वीस पावलं पुढे उभी राहून ओरडत होती, "अहो, उरका की! कोरे आहात का अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दहा सुया आणि दहा रिळं घेऊन खिडकीशी बसलो. ती चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली. काळी सुई चौथ्या खेपेला ओवली, पांढरी सहाव्या.

"दोरा तिरका कापा," ती म्हणाली. "आणि सुई हलवू नका, दोरा हलवा. आता कुठली?"

"निळी."

"निळीचं भोक बारीक आहे. घाई करू नका."

मी घाई केली नाही. निळी ओवली गेली तेव्हा मी ती उजेडात धरून तिला दाखवली आणि मग माझ्या लक्षात आलं काय केलं ते. तिने मात्र कप खाली ठेवला आणि म्हणाली, "छान." ती माझ्या कानाकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे.